रुतलेला रणगाडा आणि अडीच तासांचा अंधार

ठाण्याच्या नौपाड्यात एका मित्राच्या घरी महिन्यातले दोन रविवार आम्ही सहा जण लष्करी भूमिकाखेळ खेळतो. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की प्रत्येक खेळाडू एकेका सैनिकाची भूमिका घेतो, त्या परिस्थितीत आपण काय करू ते तोंडी सांगतो आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तिचा निर्णय फासे टाकून लावला जातो. प्रसंग रचणाऱ्याला इतरत्र गेम मास्टर म्हणतात. आमच्याकडे पहिल्यापासून सूत्रधार हाच शब्द रुळलेला आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सूत्रधाराचे काम माझ्याकडे आले आणि मी विषय निवडला तो नाल्यात रुतलेल्या रणगाड्याच्या सुटकेचा. दोन रविवारांत उरकेल असे वाटलेले हे काम जुलैपासून डिसेंबरपर्यंत चालले. या काळात प्रसंगाची तीनदा मोडतोड झाली आणि शेवटी जे उभे राहिले त्यात मी सुरुवातीला कल्पिलेले जवळजवळ काहीच उरले नव्हते.

पार्श्वभूमी १९७१ च्या युद्धातील शकरगढ भागाची घेतली. जम्मू आणि पठाणकोट यांच्यामधून भारताच्या बाजूला घुसलेला हा पाकिस्तानी भूभाग. जम्मूकडे जाणारा रस्ता त्याला लागूनच जात असल्यामुळे तो ताब्यात घेणे आपल्या सैन्याला महत्त्वाचे वाटत होते. बसंतर, बेईं, करीर असे नाले या भागातून वाहतात आणि त्यांच्या काठाने शत्रूने भूसुरुंगांचे रुंद पट्टे पेरून ठेवले होते. माझा नाला मात्र काल्पनिक आहे आणि त्यात रुतलेला रणगाडाही कोणत्याही खऱ्या रेजिमेंटचा नाही. ज्या लढाईत माणसे खरोखर गेली, तिच्यातील एखाद्या तुकडीच्या नावावर आपल्या फाशांचा निकाल लिहिणे मला पटत नव्हते.

पहिला आराखडा मी एका रात्रीत लिहिला. सेंच्युरिअन रणगाडा नाल्यात अडकला आहे, त्यात चौघे आहेत, त्यांच्या सुटकेला रिकव्हरी गाडी, म्हणजे अडकलेली वाहने ओढून काढणारी गाडी, आणि सोबत दोन सॅपर, म्हणजे सुरुंग काढणारे सैनिक, निघाले आहेत, आणि दर दहा मिनिटांनी शत्रूची एक टोळी हल्ला करते, असा तो आराखडा होता. खेळ चार तास चालला. त्यातले साडेतीन तास गोळीबारात गेले आणि रणगाडा तेवढा वेळ पडद्यासारखा मागे उभा राहिला. शेवटी कुणीतरी म्हणाले, ‘‘आता गाडी ओढतो,’’ फासे टाकले, आकडा चांगला पडला आणि ५१ टनांचे धूड एका वाक्यात बाहेर आले. सगळे खूश होऊन घरी गेले, पण मला तो खेळ फसल्यासारखा वाटला. सुटकेच्या प्रसंगात सुटकाच जर एका फाशात आटोपत असेल, तर त्या रणगाड्याच्या जागी धान्याचे कोठार ठेवले असते तरी काय बिघडले असते?

या प्रश्नाचे उत्तर मला नवी मुंबईत मिळाले. मी महापे एमआयडीसीतील एका कार्यालयात बांधकामाची आरेखने करतो. जुलैच्या अखेरीस घणसोलीच्या खाडीकडच्या अंगाला एका प्लॉटवर मोजमापासाठी गेलो असताना तिथे खडीने भरलेला एक हायवा डंपर रुतून बसलेला दिसला. वरून मुरूम टाकलेला होता, त्यामुळे जमीन पक्की वाटत होती; खाली मात्र खाडीचा काळा गाळ होता. मागची चाके अर्ध्याहून अधिक आत गेली होती आणि ड्रायव्हर गाडी जितकी रेटत होता तितकी ती खाली बसत होती. मग पोकलेन आली. मला वाटले होते की आल्या आल्या ती रोप लावून ओढू लागेल. पोकलेनचा ऑपरेटर खाली उतरला, हायव्याभोवती एक फेरी मारून त्याने लोखंडी सळई चार ठिकाणी गाळात खुपसून पाहिली, अर्धी खडी बाजूला रिकामी करवली आणि त्यानंतर सुमारे तासभर त्याने फक्त उकरण्याचे काम केले. चाकांच्या मागे उतरता चर काढला, त्यात मुरूम आणि जुन्या शटरिंगच्या फळ्या भरल्या. चर काढताना बकेटने गाळ उचलला की खालून पचकन असा ओला आवाज येई आणि तो खड्डा कडेच्या पाण्याने लगेच भरून जाई. मग तो पुन्हा तेवढाच गाळ उचलायचा. रोप लावली तेव्हा त्याने आम्हा सगळ्यांना इतके लांब पिटाळले की मला तो उगाच ओरडतो आहे असे वाटले. प्रत्यक्ष ओढण्याचे काम दोन मिनिटांत झाले. हायवा ज्या दिशेने आत गेला होता त्याच वाटेने उलटा बाहेर आला, आणि ड्रायव्हरने त्याच क्षणी रिव्हर्स टाकून चाकेही फिरवली होती.

त्या दिवशी मी कार्यालयात परतताना चिखलाला स्वतःची बाजू असलेला प्रतिस्पर्धी म्हणून खेळात घ्यायचे ठरवले. शत्रू गोळी मारतो तेव्हा तो काय करतो आहे हे समजते. चिखल मात्र तुम्ही जे कराल त्यालाच उत्तर देतो, आणि ते उत्तर बहुधा तुमच्या घाईच्या प्रमाणात कठोर असते.

आता चिखलाला आकडे द्यायचे होते. येथे मला मोठी मदत झाली ती आमच्यातील एका खेळाडूच्या आजोबांची. मूळचे सातारा जिल्ह्यातले हे आजोबा लष्कराच्या ईएमई शाखेत, म्हणजे विद्युत आणि यांत्रिकी अभियंत्यांच्या दलात, रिकव्हरीचे काम करून निवृत्त झाले आणि आता ऐरोलीत नातीकडे राहतात. ते रणगाड्याला कधीही रणगाडा म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी तो ‘गाडी’ असतो. मी हायव्याची हकिगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘‘तो ऑपरेटर शहाणा होता. आधी उकरायचं, मग ओढायचं. न उकरता ओढलं की गाडी येत नाही, हुक येतो.’’

रुतलेल्या गाडीला बाहेर काढायला किती ओढ लागेल याचा एक ठोकताळा लष्करी रिकव्हरीच्या पुस्तकांत पक्का मांडलेला आहे. गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर तिच्या वजनाइतकी, मडगार्डपर्यंत रुतली असेल तर वजनाच्या दुप्पट आणि टरेटपर्यंत, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटापर्यंत, गेली असेल तर तिप्पट ओढ धरतात. आत आली त्याच्या उलट दिशेने काढली तर त्यातून १० टक्के वजा होतात, तिचे स्वतःचे पट्टे फिरत असतील तर ४० टक्के, आणि दोन्ही साधले तर निम्मी ओढ पुरते. घणसोलीच्या त्या ड्रायव्हरने रिव्हर्स का टाकला होता याचा हिशेब मला येथे सापडला.

सेंच्युरिअनचे आकडे कागदावर माझ्याकडे होतेच, पण ते वाचून वजन जाणवत नव्हते. म्हणून गणपतीच्या सुट्टीत अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात जाऊन आलो. तिथे सेंच्युरिअनच्या पट्ट्यासमोर उकिडवा बसलो आणि वितीने मापून पाहिले. रुंदी तीन विती भरली, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर. एका पट्ट्याचा साडेचार मीटरच्या आसपास भाग जमिनीला टेकलेला असतो. एकूण वजन या दोन पट्ट्यांवर वाटले की जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.९५ किलोच्या जवळ येतो. आपल्या साध्या मोटारीचे टायर याच्या दुप्पट दाब देतात. इतका अवजड रणगाडा शेतातून चालू शकतो तो या रुंद पट्ट्यांमुळे. पण पोट एकदा गाळाला टेकले की वजन पट्ट्यांवर राहत नाही, पट्टे नुसते गाळ कापत फिरतात आणि खालचा गाळ पोटाला चिकटून धरतो. तिथे बसल्या बसल्या मी वहीत लिहिले, की पोट टेकण्याआधी थांबलेला रणगाडा आणि टेकल्यावर थांबलेला रणगाडा या खेळात दोन वेगळ्या वस्तू आहेत.

यातून दुसरा आराखडा तयार झाला. माझा सेंच्युरिअन मडगार्डपर्यंत रुतलेला आहे, म्हणजे त्याला १०२ टनांची ओढ हवी. रिकव्हरी गाडीच्या विंचची, म्हणजे रोप गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राची, ओढ मी खेळापुरती २५ टन धरली. एक कप्पी लावून रोप दुहेरी केली तर घर्षण वजा जाता ४५ टन, दोन कप्प्या लावून तिहेरी केली तर ६० टन. मात्र तिहेरी रोपेला दोन फेऱ्या, म्हणजे खेळातल्या दोन पाळ्या, जास्त लागतात. उकरून गाडी चाकांपर्यंत मोकळी केली की १०२ चे ५१ टन होतात. चौघांनी उकरले तर या कामाला तीन फेऱ्या लागतात, दोघांनी उकरले तर सहा. हे आकडे मी मुद्दाम एकमेकांच्या अगदी जवळ आणून ठेवले. उकरून, इंजिन न लावता, उलट्या दिशेने ओढायला सुमारे ४६ टन लागतात आणि दुहेरी रोप ४५ देते. न उकरता, त्याच दिशेने इंजिन लावून ओढले तर ५१ लागतात. दुहेरी रोप तिथेही कमी पडते, तिहेरी पुरते. उकरून इंजिनही लावले तर २५ टनांच्या थोडे वर लागतात आणि मग दुहेरी रोप आरामात ओढते. ओढ आणि गरज यांतला फरक फाशांच्या आकड्यात मिळवायचा किंवा त्यातून वजा करायचा. रिकव्हरी गाडी नांगर रोवून पक्क्या जागी उभी नसेल तर रुतलेली गाडी तिलाच आपल्याकडे ओढते, हा नियमही आजोबांच्या आग्रहामुळे आला.

ताणलेल्या रोपेचा नियम त्यांनी अक्षरशः लिहून घ्यायला लावला. जेवढी रोप सोडली असेल तेवढ्या अंतराच्या आत कुणी उभे राहायचे नाही, आणि खुणा एकाच माणसाने करायच्या. तुटलेली रोप कशी परतते हे सांगताना त्यांनी हाताने एक झटका दाखवला आणि त्यापुढे काही सांगितले नाही. घणसोलीच्या ऑपरेटरचा आरडाओरडा मला त्या क्षणी पूर्णपणे समजला.

या आराखड्यावरचा खेळ पहिल्या खेळाच्या मानाने फार चांगला झाला, परंतु एक मोठी उणीव दिसली. खेळाडू कागद-पेन्सिल घेऊन गणिते करत बसले. चौघांनी उकरायचे, मग तिहेरी रोप लावायची, मग शांतपणे ओढायचे, असा बिनचूक मार्ग त्यांना पाऊण तासात सापडला, कारण त्यांना घाई करण्याचे काही कारणच मी दिलेले नव्हते. शत्रूच्या टोळ्या पुन्हा आणाव्यात असे एकाने सुचवले. ते मला नको होते. टोळ्या आल्या की सगळे बंदुका घेऊन टरेटमागे जाणार आणि चिखल पुन्हा मागे पडणार हे दिसत होते.

घाईचे कारण इतिहासातच तयार होते आणि मी ते इतके दिवस पाहिले नव्हते याची मला रुखरुख वाटते. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागती झाली आणि त्याच दिवशी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पश्चिम आघाडीवर १७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजल्यापासून युद्धविराम जाहीर केला. म्हणजे १७ तारखेला त्या नाल्यात अडकलेल्या माणसांना युद्ध नेमके किती वाजता थांबणार आहे हे ठाऊक असू शकते. मी घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून मागे मोजत गेलो आणि नंतर जुन्या पंचांगात पडताळून पाहिले: त्या दिवशी मार्गशीर्ष अमावास्या होती. डिसेंबरच्या मध्यावर त्या भागात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. समोरच्या काठावरून शत्रूची नजर असल्यामुळे दिवसा नाल्याजवळ कुणी फिरकू शकत नाही, आणि ८ नंतर गोळी थांबली की दोन्ही बाजूंनी जो जिथे आहे तो तिथे, मग पुढे होऊन रणगाडा ओढून आणता येणार नाही. मधे उरतात साडेपाच ते आठ, चंद्र नसलेले अडीच तास. दहा मिनिटांची एक फेरी धरली तर बरोबर १५ फेऱ्या. मी हे वहीत मांडले तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि मला झोप आली नाही. एवढे सगळे धागे कुणी ओढूनताणून न बसवता आपापल्या जागी येऊन बसले होते.

अंधारामुळे आवाजाला किंमत आली. उकरण्याचा आवाज शून्य, घणाचा एक, विंचचा दोन, रणगाड्याच्या इंजिनाचा तीन. सहा गुण भरले की समोरून प्रकाशगोळा वर चढतो. तो जळत असेपर्यंत सगळ्यांनी हालचाल न करता पडून राहायचे, म्हणजे ती फेरी वाया. दुसऱ्या प्रकाशगोळ्यानंतर उखळी तोफांचा मारा. शत्रूचा एकही सैनिक या खेळात आता दिसत नाही. ज्या इंजिनामुळे चिखलाची ओढ कमी होते तेच इंजिन वरून गोळे आणते, आणि जो सुरक्षित मार्ग आहे तो घड्याळ खातो. ड्रायव्हरच्या पायाला दुखापत झालेली आणि एक जण पहाऱ्यावर, त्यामुळे उकरायला दोघेच उरतात. भूसुरुंगांमधून सॅपरनी पांढऱ्या फिती लावून मोकळी केलेली एकच वाट आहे आणि रणगाडा तिच्यापासून ४० मीटर बाजूला घसरलेला आहे. ते अंतर सॅपरना गुडघ्यांवर बसून, टोचणीने जमीन तपासत मोकळे करावे लागते.

ऑक्टोबरच्या मध्यावर या तिसऱ्या आराखड्याचा खेळ झाला आणि त्यानंतर मला जी अडचण कळली ती आकड्यांनी सुटणारी नव्हती. पावणेआठच्या सुमारास, म्हणजे शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असताना, रणगाडा निघत नाही हे स्पष्ट झाले होते. मी सूत्रधार म्हणून वायरलेसवरून विचारले की गाडी सोडून परत येता का. सगळ्यांनी एकमुखाने नकार दिला. इंजिन सुरू झाले, मारा झाला, तीन भूमिका संपल्या आणि रणगाडा तिथेच राहिला. खेळाडू भारावून गेले होते. मी मात्र कळव्याला घरी जाताना खाडीच्या पुलावर थांबलो. ओहोटी होती आणि खाली गाळ उघडा पडला होता. युद्ध संपायला दहा मिनिटे असताना तीन माणसे एका यंत्रापायी गेली होती, आणि माझ्या खेळाने त्यांना तसे करताना एकदाही थबकायला लावले नव्हते.

खेळाडूंच्या मनात काय होते हे मला ठाऊक होते, कारण माझ्याही मनात तेच होते. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी पेटलेला रणगाडा सोडण्याचा आदेश मिळूनही तो सोडला नाही, लढत राहिले आणि तिथेच कामी आले. तेव्हा ते २१ वर्षांचे होते आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ही हकिगत ऐकलेला माणूस रणगाडा सोडण्याचा विचार सहजासहजी करत नाही, आणि करूही नये. पण त्यांची तोफ चालू होती, समोरून शत्रूचे रणगाडे येत होते आणि ते मागे हटले असते तर ती फळी उघडी पडली असती. माझ्या नाल्यातला रणगाडा कुणालाही अडवत नव्हता. त्या थोर उदाहरणाची सावली माझ्या प्रसंगावर पडू देऊन मी खेळाडूंना विचार न करण्याची सोय करून दिली होती, आणि हे त्या उदाहरणाशीही प्रामाणिक नव्हते.

मी आजोबांना विचारले, की गाडी सोडायची वेळ आली तर काय करतात. त्यांनी भावनेची गोष्ट काढलीच नाही. तोफेचा ब्रीच ब्लॉक, म्हणजे तोफेची मागची बाजू बंद करणारा ठोकळा, काढायचा, मशिनगन उतरवायच्या, नेम धरायची दुर्बीण काढायची, वायरलेस आणि सांकेतिक कागद घ्यायचे, जखमी आधी पाठवायचा, असे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. ‘‘सोडणं हेसुद्धा काम आहे. त्याला वेळ लागतो,’’ असे ते म्हणाले.

या वाक्याने चौथा आराखडा तयार झाला. तोपर्यंत रणगाडा सोडणे म्हणजे माझ्या खेळात नुसते ‘नाही जमले’ असे म्हणणे होते. आता त्याची कामे ठरली: ब्रीच ब्लॉक आणि मशिनगन यांना एक फेरी, दुर्बीण, वायरलेस आणि कागद यांना एक, जखमी ड्रायव्हरला उचलून फितींमधून मागे नेण्यास दोन. एकूण चार. म्हणजे गाडी सोडायची असेल तर तो निर्णय ७ वाजून २० मिनिटांनी घ्यावा लागतो. त्या वेळी उकरणे पुरे झालेले असते, एक प्रयत्न बहुधा फसलेला असतो आणि दुसरा यशस्वी होण्याची खरीखुरी शक्यता असते. निर्णयाची वेळ आशा संपल्यावर येत नाही, आशा असतानाच येते. ऑक्टोबरच्या खेळात ती पावणेआठला आली होती, जेव्हा ठरवण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. शिवाय वायरलेसवरून येणारा आदेश मी बदलला. वरिष्ठ आता एवढेच म्हणतात की जागेवर तुम्ही आहात, ठरवा आणि कळवा. हा निर्णय रणगाड्याचा कमांडर झालेल्या खेळाडूने एकट्याने, इतरांशी चर्चा न करता द्यायचा.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी हा खेळ ऐरोलीत आजोबांच्या घरी झाला, कारण त्यांना तो पाहायचा होता. दिवाणखान्यातले दिवे मालवून टेबलावर एकच टॉर्च ठेवला होता. कमांडर होती ती आमच्यातली वाशीच्या बँकेत काम करणारी मैत्रीण. दोघांनी उकरायला सुरुवात केली, सॅपरनी ४० मीटरची वाट पाचव्या फेरीत मोकळी केली, रिकव्हरी गाडी काठावर नांगर रोवून उभी राहिली. विंच चालू झाल्यावर एकदा प्रकाशगोळा वर गेला आणि एक फेरी सगळे गप्प पडून राहिले. टेबलाभोवतीही कुणी बोलत नव्हते. दहाव्या फेरीत इंजिन न लावता दुहेरी रोपेने ओढले. गरज ४६ ची, ओढ ४५ ची, फासे पडले चार आणि एक. गाडी हातभर सरकली आणि थांबली.

अकरावी फेरी रोप पुन्हा ताणण्यात गेली आणि ७ वाजून २० मिनिटे झाली. मी वरिष्ठांचे वाक्य म्हटले. ती पूर्ण एक मिनिट टेबलाकडे पाहत राहिली. मग तिने सांगितले, की गनर आणि लोडर यांनी ब्रीच ब्लॉकला हात न लावता जखमी ड्रायव्हरला उचलून ताबडतोब मागे न्यायचे, दोन्ही सॅपरनी त्यांच्याबरोबर जायचे, आणि ती स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसून इंजिन एकदाच सुरू करील. एकच फेरी. तेवढ्यात गाडी निघाली नाही तर ती दुर्बीण आणि कागद घेऊन चालत येईल. गनर झालेल्या आजोबांच्या नातीने विरोध करायला तोंड उघडले आणि नियम आठवून मिटले. पाच माणसे धोक्याच्या बाहेर, धोक्यात आता कमांडर आणि काठावरचे रिकव्हरीवाले. हा मार्ग मी लिहिलेला नव्हता; मी फक्त तो शक्य होईल एवढी जागा ठेवली होती.

इंजिन सुरू झाले, आवाजाचे गुण सहाच्या वर गेले, दुसरा प्रकाशगोळा चढला. फासे पडले पाच आणि तीन. रणगाडा उलटा, ज्या वाटेने आत गेला होता त्याच वाटेने, काठावर आला. पहिले गोळे नाल्यात रिकाम्या जागी पडले. ८ ला पाच मिनिटे असताना दोन्ही गाड्या फितींच्या अलीकडे होत्या आणि नौपाड्याच्या मित्राने खोलीतला दिवा लावला.

आजोबा इतका वेळ खुर्चीत मागे टेकून बसले होते. ते पुढे झुकले आणि त्यांनी विचारले, ‘‘कप्पी कुणी काढली?’’

कुणीच काढली नव्हती. रोप घाईघाईत सोडली होती, आणि कप्पी व तिचे शॅकल, म्हणजे ती अडकवायची लोखंडी कडी, यांचे नाव चौदा फेऱ्यांत कुणी काढले नव्हते, मीसुद्धा नाही. ती नाल्याकाठच्या गाळात राहिली होती आणि मोबाइलवर लावलेल्या खेळाच्या घड्याळात ७ वाजून ५८ मिनिटे झाली होती. आजोबा रागावले नाहीत. कप्पी साफ करून तेल लावून परत जमा करेपर्यंत रिकव्हरीचे काम पुरे झाले असे लिहीत नाहीत, एवढे त्यांनी सांगितले.

त्या रात्री मी आराखड्यात एक फेरी वाढवली: रोप, कप्प्या आणि शॅकल मोजून गाडीत घालणे. त्यामुळे कमांडरला निर्णय देण्याची वेळ आता ७ वाजून १० मिनिटांवर आली आहे.